वही, कणगी आणि प्रार्थना

आषाढात एक दिवस असा येतो की अकलूज ते बोरगाव हा हंगामात उसाच्या बैलगाड्यांचा आणि ट्रॅक्टरांचा असलेला रस्ता वारकऱ्यांचा होतो. तुकोबांची पालखी सकाळी अकलूज सोडते. माळीनगरला उभं रिंगण होतं, अश्व धावून जातात आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मग सोहळा श्रीपूरच्या कारखान्यावरून पुढे बोरगावच्या मुक्कामाला सरकतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात रिंगणाचा फोटो येतो. वाटेवरच्या घरांच्या मागच्या अंगणात पहाटेपासून पेटलेल्या चुलवणांचा फोटो सहसा येत नाही. पीठ कुणाकडून किती आलं, कुठल्या दिंडीचं जेवण कुणाकडे, पिठल्याला बेसन पुरेल का, पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या वारकरणीला कुठे टेकवायचं, हे सगळं बायकांच्या बोलण्यात ठरतं आणि बोटांवर मोजलं जातं. वर्षभर भजनाला जमणाऱ्या बायकाच त्या दिवशी पुरवठा खातं होतात.

हा पट्टा मुळात बाहेरून येऊन वसलेल्यांचा. माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीचा. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी इकडे खेळू लागलं आणि नकाशा बदलला. सासवडचे माळी बागाईतदार याआधीच नीरेच्या डाव्या कालव्यावर तयार झाले होते. तो कालवा १८८५ सालचा. उसाला पाणी किती द्यायचं, खत कुठून आणायचं, गुऱ्हाळ कसं चालवायचं, हे ज्ञान गाठीला बांधून ते खंडाने जमिनी घेत पाण्यामागे सरकत गेले. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि त्याच वर्षी या मंडळींनी स्वतःच्या भागभांडवलावर ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ काढली. त्यातून माळीनगर उभं राहिलं. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, भोरचे चंद्रशेखर आगाशे यांनी ‘बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट’ स्थापन केली आणि तिच्या कारखान्याभोवती श्रीपूर वसलं. आज श्रीपूर म्हटलं की लोकांना पांडुरंग सहकारी साखर कारखाना आठवतो.

कारखान्याचे इतिहास गाळपाच्या आकड्यांत लिहिले जातात. पण नव्या वसाहतीत पहिल्या पिढीची अडचण गाळपाची नसते. सुईण नसते. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायला चुलती-मावशी नसते. मयतीला चार खांदे मिळतात, पण घरात राहिलेल्या बाईला तेरा दिवस जेवण कोण पोचवणार? जुन्या गावात ही कामं भावकी करते. नव्या जागी भावकीच नाही, म्हणून तिची जागा घ्यायला काहीतरी लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ती जागा देवाच्या नावाने जमणाऱ्या बायकांनी घेतली आहे. हे सगळीकडे घडलं. पण त्याची लेखी नोंद फार थोड्या ठिकाणी राहिली. ज्या दोन ठिकाणी ती भरपूर राहिली, त्यांतलं एक अमेरिकेच्या वाळवंटात आहे आणि दुसरं श्रीपूरपासून फार लांब नाही, पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला.

आधी वाळवंट. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापलेल्या पंथाला लोक मॉर्मन म्हणू लागले. शेजाऱ्यांशी सतत खटके उडत होते आणि १८४४ मध्ये खुद्द स्मिथ यांची जमावाने हत्या केली. मग ब्रिगहॅम यंग यांच्यामागे हजारो माणसं गाड्या जुंपून पश्चिमेला निघाली आणि त्यांची पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये आजच्या यूटामधल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. तिने पोचताच ओढ्याचं पाणी वळवून जमीन भिजवली, कारण नांगर रुततच नव्हता. माळशिरसच्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागू नये. साखरेचं वेडही तेच. १८५२ मध्ये या लोकांनी लिव्हरपूलहून बीटसाखरेची यंत्रसामग्री मागवली, बैलगाड्यांवरून माळरान आणि डोंगर ओलांडून ती सॉल्ट लेकपर्यंत ओढत नेली, आणि शेवटी त्यातून साखर काही पडली नाही, निघाली ती कडवट काकवी. त्या भागाचं नाव मात्र ‘शुगर हाउस’ पडलं ते आजतागायत आहे. साखर खरी जमली ती १८९१ मध्ये, लीहाय गावच्या कारखान्यात, माळीनगरच्या चार दशकं आधी. एवढं सांगताना हेही सांगायला हवं की ती जमीन मोकळी पडलेली नव्हती. तिथे यूट आणि शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि मॉर्मनांच्या हिरव्यागार शेतांची किंमत त्यांनी मोजली.

या पंथातल्या बायकांची संस्था वाळवंटाच्याही आधीची. १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉयमधल्या नॉवू गावी वीस बायका जमल्या आणि ‘रिलीफ सोसायटी’ स्थापन झाली. सुरुवात झाली होती मंदिराच्या बांधकामावरच्या कामगारांसाठी सदरे शिवण्यापासून. अध्यक्ष झाल्या जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी एमा, आणि चिटणीस एलायझा स्नो. या चिटणीसबाईंनी पहिल्या दिवसापासून इतिवृत्त लिहिलं आणि ती वही स्थलांतरात गाडीत घालून नेली. पुढे १८६७-६८ नंतर यूटामध्ये संस्था नव्याने उभी करताना त्या वस्त्यावस्त्यांतून हिंडल्या आणि संस्था कशी चालवायची ते त्याच वहीच्या आधाराने सांगत गेल्या. बायकांच्या कामाचा इतिहास सहसा वहीअभावी बुडतो. इथे तो वहीमुळे तरला.

काम कसं चालायचं? प्रत्येक वस्तीत दोघी-दोघींच्या जोड्या घरं वाटून घेत. महिन्याला प्रत्येक घरी जायचं, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी पीठ संपलंय, कुणाला बाळंतपणाची मदत लागेल ते पाहायचं आणि येताना देणगी घेऊन यायची. रोख पैसा जवळजवळ नव्हताच, म्हणून देणगी म्हणजे लोकर, चिंध्या, मेणबत्त्या, बटाटे. त्यातला एक प्रकार मजेदार आहे. कित्येक ठिकाणी बायकांनी ठरवलं की कोंबड्यांनी रविवारी घातलेली अंडी देवाच्या कामाची. त्या अंड्यांच्या पैशांतून सभागृहं बांधली गेली. कोंबडी वार पाहून अंडी देत नाही, त्यामुळे हिशेब बाईच्या प्रामाणिकपणावरच सोडलेला होता.

१८७६ मध्ये ब्रिगहॅम यंग यांनी धान्य साठवण्याचं काम बायकांवर सोपवलं. पुरुषांना सांगून झालं होतं, त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. एमेलिन वेल्स यांच्या पुढाकाराने बायका कापणीनंतर शेतात राहिलेली गव्हाची कणसं वेचू लागल्या, वेचलेलं विकून आणखी गहू घेऊ लागल्या, कोठारं बांधू लागल्या. सरव्याला जाणाऱ्या बायका आपल्याकडेही होत्या आणि आहेत. पण त्यांचा सरवा त्या रात्रीच्या भाकरीला पुरतो, इथे तो दुष्काळासाठी राखला जात होता. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, तेव्हा या कोठारांतून पीठ रवाना झालं. भारतातही याला जोड आहे: मिझोरामच्या ख्रिस्ती बायका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक वेळचा भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला ठेवत आल्या आहेत आणि त्या मुठींवर तिथल्या चर्चचा मोठा खर्च चालतो.

गव्हाच्या गोष्टीचा शेवट मात्र कडू आहे. पहिल्या महायुद्धात सरकारला गहू हवा होता. १९१८ मध्ये चर्चच्या पुरुष कारभाऱ्यांनी बायकांनी साठवलेला दोन लाख बुशेलहून जास्त गहू परस्पर विकायला काढला. रिलीफ सोसायटीच्या अध्यक्ष तेव्हा एमेलिन वेल्सच होत्या. वय नव्वदीचं, आणि विक्रीची गोष्ट त्यांच्या कानावर आली ती ठरून गेल्यावर. पुढे कारभाऱ्यांनी चूक कबूल केली, पैसे सोसायटीच्या नावे ठेवले गेले. गहू गेला तो गेला.

या बायकांची आणखी एक धडपड थेट आपल्या इतिहासात येऊन मिळते. वस्तीत डॉक्टर हव्यात, आणि बाईला तपासायला बाईच हवी, म्हणून यूटामधून बायकांना पूर्वेकडे शिकायला धाडलं गेलं. रोमेनिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. एलिसबाई लेकरं घरी सवतींच्या हवाली करून शिकत होत्या. ज्या बहुपत्नीत्वावरून सारी अमेरिका मॉर्मनांना नावं ठेवत होती, त्याच्याच आधाराने एक बाई डॉक्टर झाली. परत आल्यावर त्यांनी सुइणींचे वर्ग काढले आणि शेकडो जणींना शिकवून दूरच्या वस्त्यांवर पाठवलं. १८८२ मध्ये बायकांच्या पुढाकाराने इस्पितळही निघालं.

त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजात पुढच्या वर्षी आनंदीबाई जोशी दाखल झाल्या. अधिष्ठाता त्याच होत्या, रेचल बॉडली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम आलेली त्यांची नातलग हजर होती: पंडिता रमाबाई. बॉडलीबाईंनीच पुढे रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली.

रमाबाई अमेरिकेत राहिल्या तो काळ मॉर्मन बायकांच्या दृष्टीने वाईट होता. यूटाच्या बायकांना १८७० पासून मताचा अधिकार होता, म्हणजे न्यूयॉर्क-बोस्टनच्या सुशिक्षित बायकांच्या कितीतरी आधी. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारने बहुपत्नीत्वाविरुद्ध कायदा केला आणि त्यात नवऱ्यांबरोबर बायकांनाही शिक्षा केली: त्यांचं मत काढून घेतलं. ते परत मिळालं १८९६ साली, यूटा राज्य झाल्यावर. या मधल्या वर्षांत, मार्च १८८८ मध्ये, वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे भारताकडून पंडिता रमाबाई होत्या आणि यूटाच्या रिलीफ सोसायटीकडून एमिली रिचर्ड्स. एकीच्या मागे बालविधवांचा प्रश्न होता, दुसरीच्या मागे सवतींचा. सभागृह एक, साल एक. रमाबाईंनी मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तक छापलं, त्यात त्यांचं सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते बायकांनी पै-पैसा गोळा करून चालवलेल्या मंडळांकडे.

मॉर्मन प्रचारक त्याआधीच पुण्यापर्यंत येऊन गेले होते, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५१ मध्ये मुंबईत उतरला. पत्रकं छापली, वाद घातले, मग पुणं गाठलं. छावणीतल्या अधिकाऱ्यांना तो शिपायांत फिरायला नको होता. तरी त्याने पुण्यात चिमूटभर माणसांची मंडळी उभी केली. १८५५ पर्यंत तो परत गेला आणि मंडळीही विरली. त्याच वर्षांत त्याच पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळा चालू होत्या. फिंडलेचं अपयश समजण्यासारखं आहे. त्याच्याकडे द्यायला होतं ते वाळवंटातल्या गावाचं आमंत्रण, आणि तिथे जायला पैसा मात्र नव्हता. आपल्याकडे नव्या धर्माभोवती गावं वसली ती इतर मिशनांची: नाशिकजवळ शरणपूर, जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं बेथेल. शरणपूरला तर गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही वाढली. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. पण ही गावं पुरुषांनी आखली आणि पुरुषांनी चालवली.

केडगाव तसं नव्हतं.

ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. मुली ख्रिस्ती होतात या कारणावरून १८९३ मध्ये वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांचं सगळंच खोटं नव्हतं. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं आश्वासन होतं, आणि प्रार्थनेचं दार उघडं ठेवून राखलेली तटस्थता लेकी पाठवणाऱ्यांना पटली नाही. रमाबाईंनी यातून स्वतःपुरता निष्कर्ष काढला: दुसऱ्याच्या देणगीवर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर राहायचं नाही. केडगावला जमीन घेतली ती फळबागेसाठी, बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. उघडाबोडका माळ होता. विहिरी खणून सुरुवात झाली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. ती वणवण त्यांनी स्वतः केली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, सरकारी निर्बंधांमुळे इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून फळबागेच्या जागी झोपड्या पडल्या, आणि पाहता पाहता गाव झालं. त्याचं नाव मुक्ती. याच प्लेगात पुण्याच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांना कसं वागवलं जातं यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात असं काही लिहिलं की प्रश्न थेट लंडनच्या पार्लमेंटात गेला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना खुलासे करावे लागले. ख्रिस्ती झालेली बाई सरकारच्या बाजूची असणार, असा समज करून घेतलेल्यांची त्यामुळे पंचाईत झाली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. आता वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचं गाव, आणि त्यात जवळजवळ सगळ्या बायका. सकाळी घंटा, प्रार्थना, मग काम. हातमाग, शिवण, तेलघाणा, गोठा, भाजीचे मळे, दळण-कांडण, धुणं. कपडे गावातच विणायचे, गावातच शिवायचे. दृष्टिहीन मुलींसाठी वेगळं सदन होतं. रमाबाईंची लेक मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली होती आणि तिने या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. त्यांतल्या काही पुढे इतरांना शिकवू लागल्या. घरच्यांनी टाकलेल्या आणि फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांचं प्रीतिसदन वेगळं. पुरुषांचं म्हणून समजलं जाणारं जे जे काम होतं, ते इथे बाई करत होती, आणि त्याचं कारण तत्त्वज्ञान नव्हतं. दुसरं कुणी नव्हतंच.

सगळ्यात थक्क करणारा होता तो छापखाना. रमाबाईंना बायबल अशा मराठीत हवं होतं की खेड्यातल्या बाईला ते वाचून दाखवताना मध्ये थांबावं लागू नये. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अनुवाद त्यांचा, आणि छपाई मुलींची. दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेली मुलगी आधी मराठी अक्षर ओळखायला शिकली, मग शिशाचे खिळे जुळवायला, मग ग्रीक आणि हिब्रू खिळे खणांतून बिनचूक उचलायला. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. शेजारी मुद्रितं तपासणाऱ्या बसलेल्या. त्या काळात पुण्या-मुंबईच्या मोठ्या छापखान्यांतही असं काम कुणी बायकांच्या हाती दिलं नसतं. रमाबाईंनी शेवटची मुद्रितं मृत्यूच्या थोडेच दिवस आधी हातावेगळी केली. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मनोरमा त्याआधीच, जुलै १९२१ मध्ये, गेली होती. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये.

मुक्तीची जगभर ख्याती झाली ती मात्र छापखान्याने नव्हे. १९०५ च्या सुरुवातीपासून मुलींचे गट रोज पहाटे प्रार्थनेला जमू लागले. जूनअखेरीस या प्रार्थनेला असा काही भर आला की मुली रडत, ओरडत, देहभान विसरून तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांना हा प्रकार पसंत पडला नाही. देवळातल्या अंगात येण्याला नावं ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चर्चमध्येच तसं काही घडत होतं, मग काय बोलणार? रमाबाईंनी ते थांबवलं नाही. भारतीय बायकांनी देवाला आपल्या रीतीने हाक मारली तर बिघडलं कुठे, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत प्रचाराला जाऊ लागल्या. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर एक पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेत व्हाल्पारायसोला त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीच्या हाती पडली, आणि १९०९ मध्ये चिलीत पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. आज चिलीत लाखो माणसं त्या परंपरेत आहेत. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत दौंड तालुक्यातलं केडगाव असतं.

पाहुण्यांनी लिहून ठेवलं ते या प्रार्थनेबद्दल. ते स्वाभाविकच आहे, दोन हजार जणींच्या एकाच वेळच्या प्रार्थनेचा आवाज ऐकल्यावर कोण तेलघाण्याकडे पाहील? पण यूटाच्या वस्त्या आणि मुक्ती शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळक दिसते. प्रार्थनामंडळ आणि कोठार या दोन वेगळ्या संस्था नव्हत्याच. कोण कुठे आजारी आहे ते प्रार्थनेत कळायचं आणि तिथूनच पेज जायची. फरक होता तो अधिकारात. रिलीफ सोसायटीच्या वर पुरुषांची चढती उतरंड होती, म्हणून गहू परस्पर विकला जाऊ शकला. मुक्तीत जमिनीपासून मुद्रितांपर्यंत अखेरचा शब्द बाईचा होता. पैसा बाहेरूनच यायचा, अमेरिका आणि इंग्लंडातून. पण तो कशावर खर्चायचा हे केडगावात ठरायचं. या एकहाती कारभाराचे तोटेही होते. रमाबाई करारी होत्या, शिस्त कडक होती, आणि मनोरमेच्या जाण्याने घडवलेला वारस हरपला. तरी संस्था टिकली. ती आजही केडगावला आहे.

मुक्तीतून बाहेर पडलेल्या कित्येक जणी शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, आणि काही बायबलबाई. बायबलबाई हा पेशा आता विसरला गेलाय. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होतं. मुलींसाठी वोरोनोको शाळा आणि मेरी हार्डिंग यांच्या नावाची बालवाडी ही त्याची ओळखीची ठिकाणं. अशा प्रत्येक ठाण्यावर काही मराठी बायका पगारावर असत. हातात पिशवी, पिशवीत नवा करार, गाण्यांचं पुस्तक, कधी डोळ्यांचं किंवा खरजेचं औषध. गल्लीत जायचं, ओट्यावर बसायचं, कुणी पाणी दिलं तर प्यायचं, नाही दिलं तर तसंच बोलत राहायचं. जिथे पाळकसाहेबांना पाऊल टाकता येत नसे त्या माजघरात या बाईला बसायला पाट मिळे. अक्षरओळख, बाळाचं दूध तोडणं, सासूचा जाच, नवऱ्याची दारू, सगळं तिच्यासमोर बोललं जाई. तिचा पगार येई अमेरिकेतून: १८६८ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मिशन मंडळाकडून, म्हणजे तिकडच्या गावोगावच्या चर्चमधल्या बायकांनी पेटीत टाकलेल्या नाण्यांतून. या नाण्यांच्या बदल्यात तिच्या कामाचा अहवाल बोस्टनला जाई, बहुतेकदा मड्डमसाहेबांच्या शब्दांत.

स्वतःच्या शब्दांत लिहिलं ते लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाईंना नातलगांनी काही काळ पंढरपूरला ठेवलं. श्रीपूरहून पालखी ज्या गावाला निघते तेच हे पंढरपूर. पुढे त्या नवऱ्याकडे नगर जिल्ह्यात गेल्या, सोवळ्याचा एकेक पदर सोडत गेल्या, आणि स्वतःही ख्रिस्ती झाल्या. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना घरी आणणं, प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांचं करणं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये अशा सहजपणे लिहिलंय की वाचणाऱ्याला ते धर्मकार्य वाटतच नाही, संसार वाटतो. टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं मानत. त्यांनी मराठी चर्चमध्ये अभंगांची चाल, टाळ-मृदंग आणि कीर्तन रुजवलं. लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनाला उभ्या राहत. चर्चच्या व्यासपीठावरून उपदेश करायला त्या काळी बाईला मुभा नव्हती. कीर्तनाला मात्र कुणी हरकत घेतली नाही, कारण त्याबद्दलचा नियम अमेरिकेहून आलेल्या पुस्तकांत नव्हता.

नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात आल्या. या चर्चने पुढे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली, आणि स्त्रियांचं सेवामंडळ स्वतंत्र संघटना म्हणून चालू राहिलं. सॉल्ट लेक सिटीत १९७० सालीच उलटी गोष्ट घडली. रिलीफ सोसायटी तोवर स्वतःचा निधी स्वतः उभा करत होती, भरतकाम-विणकामाचे बाजार भरवत होती, स्वतःचं मासिक काढत होती. त्या वर्षी तिचा निधी चर्चच्या मुख्य हिशेबात घेतला गेला, मासिक बंद झालं आणि बाजार भरवायचे थांबले. पौरोहित्य तिथे अजूनही पुरुषांकडे आहे. गव्हाची कोठारं चर्चच्या कल्याण विभागाकडे आहेत.